‘आई गं’ म्हणालेला मुलगा

प्रिय ताई,
पुण्यातल्या फक्त मुलांच्या एका कॅथलिक शाळेतून मी 1995 साली दहावी झालो. आम्ही सदाशिव पेठेतले, घरी सगळं मराठी. शाळेत मात्र मराठी बोललं की आठ आणे दंड. सातवीत एका सरांनी बोटांवर लाकडी पट्टी मारली आणि माझ्या तोंडून ‘आई गं’ निघालं. मराठीत ओरडलास म्हणून त्यांनी आणखी दोन मारल्या. वर्ग हसला. तेव्हापासून माझं नाव ‘आई गं’ पडलं, आजही बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच चालतं. आता तीस वर्षांनी सगळे भेटतोय, त्याच सरांचा सत्कार आहे, आणि माझं मराठी बरं म्हणून मानपत्र मी लिहून वाचायचं ठरलंय. बायको म्हणते, जुनी मढी उकरू नका. शिवाय आठवीत वडील गेले तेव्हा याच शाळेतल्या एका फादरांनी माझी दोन वर्षांची फी माफ केली होती, कुणाला कळू न देता. मी कृतघ्न ठरेन का?
– एक माजी विद्यार्थी, सिंहगड रोड

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पुढच्या दोन पट्ट्यांपाशी थांबले. पहिली कशासाठी होती हे तुम्ही लिहिलेलंच नाही, कदाचित आता आठवतही नसेल. पुढच्या दोन मात्र आईला हाक मारली म्हणून होत्या. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या मनात हे राहिलं, यात तुमचं काही चुकलेलं नाही.

मानपत्र वाचू नका, लिहूही नका. ग्रुपवर जाहीर करायची गरज नाही. जो मित्र कार्यक्रम ठरवतोय त्याला फोन करा आणि म्हणा, ‘हे काम माझ्याकडून होणार नाही, दुसऱ्या कुणाला सांग.’ त्याने कारण विचारलं आणि सांगावंसं वाटलं तर सांगा. स्वागताचं, जेवणाचं, फोटोंचं काम अंगावर घ्यायला मात्र हरकत नाही.

पण मला खरी काळजी त्या टोपणनावाची वाटते. सरांनी तीन पट्ट्या मारल्या आणि ते विसरले असतील. वर्गाने ते नाव तीस वर्षं चालवलं. मुलांच्या शाळेत रडणाऱ्याला एकच शब्द तयार असतो, ‘बायल्या’, आणि तो टाळायचा तर दुसऱ्याला आधी हसावं लागतं. त्या दिवशी हसलेल्यांपैकी कितीजण आपली पाळी आली नाही म्हणून सुटल्यासारखे हसले असतील. आता ते सगळे पंचेचाळिशीच्या पुढचे आहेत, काहींची मुलं सातवीत असतील. त्यांच्यातल्या एकाला, ज्याच्याशी तुम्ही एकटे बोलू शकता अशा एकाला, चहाला बोलवा आणि सांगा: ‘मला त्या नावाने हाक मारू नका. मी हसतो, पण मला ते लागतं.’ माझा अनुभव असा आहे की असं सांगितल्यावर समोरचा बहुधा गप्प होतो आणि मग स्वतःची एखादी आठवण काढतो. तसं झालं तर ऐकून घ्या.

‘तेव्हा सगळेच मारायचे’ असं कुणी म्हणेल. खरंच आहे, माझ्या मराठी शाळेतही हातावर छड्या बसायच्या. म्हणून तुमची बोटं कमी दुखली नाहीत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमात मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्ही गोष्टींना शेजारी शेजारी मनाई केली आहे. वर्गासमोरचा अपमान मारापेक्षा वेगळा मोजायचा नसतो, हे कायद्यालाही तोवर उमगलं होतं.

आणि त्या आठ आण्यांचं ओझं त्या धर्मावर टाकू नका, तुम्ही टाकलेलंही दिसत नाही. फादर स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट, म्हणजे कॅथलिक पाद्र्यांच्या जेझुइट संघातले, 1579 मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले आणि 1616 मध्ये छापलेल्या त्यांच्या काव्यात त्यांनी फुलांत मोगरा तशी भाषांत मराठी म्हटलं. पुण्यातल्या काही चर्चमध्ये आज मराठीत मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, होते. दंड लावणं ही त्या काळच्या इंग्रजी शाळांची खोड होती, त्यात पालकांची हौसही होती.

आता कृतघ्नपणाबद्दल. फी त्या फादरांनी माफ केली, सरांनी नाही. एकाचं ऋण दुसऱ्याला शाल घालून कसं फिटेल? फादरांबद्दल बोलायचं असेल तर त्या दिवशी दोन मिनिटं मागून घ्या आणि बोला. ते त्यांनी गुपचूप केलं होतं, पण ते तुमच्या बाबतीत घडलं, तेव्हा सांगायचा हक्क तुमचा आहे.

शाळेवर प्रेम करून तिची चूक बोलता येते का, असं तुमच्या पत्राच्या आडून मला ऐकू येतं. 31 जुलै 1973 रोजी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात युरोपातल्या जेझुइट शाळांचे माजी विद्यार्थी जमले होते. त्यांच्यासमोर जेझुइट संघाचे प्रमुख, फादर पेद्रो अरुपे, उभे राहिले आणि आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं नाही अशी कबुली त्यांनी दिली. बरेचजण दुखावले गेले. प्रमुखाला माजी विद्यार्थ्यांसमोर हे बोलता येत असेल, तर माजी विद्यार्थ्याला एका मित्रासमोर का येऊ नये?

सरांना भेटायचं की नाही, हे मी ठरवणार नाही. सत्काराच्या मंचावर मात्र काही काढू नका, तिथे त्यांनाही नीट उत्तर देता येणार नाही. भेटलातच तर नंतर कधी, त्यांच्या घरी, त्या मित्राला बरोबर घेऊन जा. त्यांना काहीच आठवणार नाही अशी तयारी ठेवा. ‘असं झालं होतं का?’ एवढंच त्यांनी विचारलं, तर ‘हो सर, झालं होतं’ म्हणा, आणि तेही मराठीतच.

तुमची,
ताई