पासवर्ड लॉगमध्ये आला कुठून?

प्रश्न : पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष निर्यातदारांसाठी आम्ही पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतो. परवा डेटाबेस सर्व्हर बंद पडला. ग्राहकाकडच्या क्लार्कने एरर लॉगचा (चुकांची नोंद ठेवणाऱ्या फाइलचा) फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्यात डेटाबेसचा पासवर्ड चक्क वाचता येत होता! फोटो लगेच डिलीट करायला लावला. पण कोडमध्ये आम्ही पासवर्ड कुठेच छापत नाही. — एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आधी पासवर्ड बदला, पुढचं नंतर वाचा. ग्रुपवरून फोटो उडवला तरी कुणाच्या ना कुणाच्या गॅलरीत तो उतरलेला असतो. जुन्या लॉग फाइली आणि त्यांचे बॅकअपही साफ करा. ते हमखास राहून जातात.

आता चोर कोण ते सांगतो. पासवर्ड छापला पीएचपीनेच. डेटाबेसशी जोडणी फसली आणि त्यातून उठलेलं एक्सेप्शन, म्हणजे चुकीची सूचना, कोडमध्ये कुणी पकडलं नाही, की स्टॅक ट्रेस, म्हणजे चूक होईपर्यंत कोणकोणती फंक्शनं चालली त्यांची यादी, लॉगमध्ये उतरते. आणि त्यात फंक्शनच्या नावासोबत त्याला दिलेली मूल्यंही येतात. होस्ट, युजर, पासवर्ड, ओळीने. ट्रेसमध्ये मजकूर 15 अक्षरांनंतर तोडून टिंबं दिली जातात. तुमचा पासवर्ड अख्खा दिसला, म्हणजे तो 15 अक्षरांहून लांब नव्हता. नवा ठेवताना हे लक्षात असू द्या.

पीएचपी 8.2 मध्ये ‘सेन्सिटिव्ह पॅरामीटर’ ही खूण आली; ती लावलेलं मूल्य ट्रेसमध्ये झाकलं जातं. पीडीओ या पीएचपीच्या डेटाबेस-जोडणीच्या सोयीत पासवर्डला ती आधीच लावलेली आहे. पण बहुतेकांनी जोडणीसाठी स्वतःचं वेगळं फंक्शन लिहिलेलं असतं. तिथे ती तुम्हालाच लावावी लागेल. ग्राहकाकडे जुनी आवृत्ती असेल (असतेच!), तर 7.4 पासून पीएचपीच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमध्ये ट्रेसमधून मूल्यं वगळणारी ‘झेंड एक्सेप्शन इग्नोर आर्ग्ज’ ही सेटिंग आहे. ती ऑन करा.

लॉगमधले पासवर्ड शोधून त्यावर फुल्या मारणारे रेगेक्स (मजकुरातले नमुने शोधणारी सूत्रं) बरेच जण सुचवतात. माझा त्यावर फारसा भरवसा नाही. गुपित ट्रेसपर्यंत पोचूच देऊ नये. 2018 मध्ये ट्विटरचंही असंच झालं होतं : हॅशिंग (पासवर्डचं न उलगडणाऱ्या सांकेतिक रूपात रूपांतर) पूर्ण व्हायच्या आधीच पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते, आणि सगळ्या वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा विचार करा, असं सांगावं लागलं.

बदल झाले की टेस्ट सर्व्हरवर 12 अक्षरांचा खोटा पासवर्ड ठेवा, डेटाबेस मुद्दाम बंद करा आणि लॉगमध्ये तो ग्रेप करून (शोधून) बघा.