रविवारी ४० किमी सहज होतात, पहिल्यांदा १०० किमी सायकल जमेल का? तुमचा अनुभव काय?

तुम्ही लिहिलंय की वय ४१, काम बैठं, चार महिन्यांपूर्वी रोड बाईक घेतली, दर रविवारी ४० किमी होतात आणि आता शंभर करायचेत, पण पाय साथ देतील की नाही याची धाकधूक आहे. पाय देतील हो. दर रविवारी न चुकता ४० करणाऱ्या माणसाचे पाय शंभराला सहसा दगा देत नाहीत. माझी पहिली शंभरी फसली ती पायांमुळे नाही, हिशेबामुळे. मी शंभर म्हणजे पन्नास अधिक पन्नास असं धरून चाललो होतो. परतीचे पन्नास हे वेगळंच प्रकरण असतं, हे मला छोट्या हत्तीच्या, म्हणजे त्या छोट्या मालवाहू टेम्पोच्या, हौद्यात बसल्यावर कळलं.

मी कोल्हापूरचा. आमचे रविवारचे रस्ते ठरलेले आहेत. चढ हवा तर पन्हाळा किंवा जोतिबा, सपाट हवं तर नरसोबाची वाडी, आणि लांब जायची खुमखुमी आली की गगनबावडा. गगनबावडा शहरापासून साधारण ५५ किमी, जाऊन-येऊन ११०. डिसेंबरातल्या एका रविवारी मी एकटाच निघालो. सव्वासहाला फुलेवाडी सोडली, बालिंग्याचा पूल ओलांडला, कळे मागे पडलं. थंडी मस्त, रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना ऊस. सायकलवरच्या मीटरमध्ये सरासरी २६! एरवी माझी २२-२३ च्या वर जात नाही. वाटलं, गड्या, आपण उगाच इतके दिवस स्वतःला कमी समजत होतो. गगनबावड्यात चहा घेतला, अर्धा वडापाव खाल्ला, सायकल भिंतीला टेकवून चारी बाजूंनी फोटो काढले. यात पाऊण तास गेला. सव्वानऊला परत फिरलो.

हिवाळ्यात आमच्याकडे वारं पूर्वेकडचं. पहाटे ते पडलेलं असतं, ऊन चढलं की उठतं. म्हणजे सकाळी मला अडवायला कुणी नव्हतं, आणि परतताना तोंड बरोबर वाऱ्याकडे. वाऱ्याचा हिशेब वाईट असतो. तुम्ही २५ च्या वेगाने चाललात आणि समोरून १० चं वारं असलं, तर अंगाला ३५ चा वारा लागतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तो जवळजवळ दुप्पट होतो. मीटर २६ वरून १८ वर आला. मी हट्टाने दाबत राहिलो, कारण सकाळची सरासरी मोडू द्यायची नव्हती. हा हट्ट नवशिक्याचा खास. मीटरवर सरासरी दाखवणारा जो रकाना असतो तो पहिल्या वर्षी बंदच ठेवा, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

खिशात एकच केळं होतं, ते जातानाच संपलं होतं. पाण्याची एक बाटली रिकामी, दुसरीत दोन घोट. आणि मग ते झालं. सायकलवाले याला बाँक म्हणतात. पाय दुखत नव्हते, छाती भरून आली नव्हती. आधी नुसती चिडचिड झाली. रस्त्याची चीड, हेल्मेटच्या पट्ट्याची चीड, मागून हॉर्न वाजवणाऱ्याची तर विचारूच नका. मग उन्हात थंड घाम. ‘कोल्हापूर २४’ असा दगड दिसला आणि अठराच्या वेगाने २४ किमीला किती वेळ लागेल हे गणित मला सुटेना. मी बँकेत काम करतो. दिवसभर व्याजाचे आकडे मांडतो.

पुढे शंभरेक पावलांवर एक गुऱ्हाळ चालू होतं. चुलवणात चिपाड टाकणाऱ्या माणसाने मला सायकल धरून उभा पाहिलं आणि हाक मारली, “ओ पाव्हणं, तोंड बघा कसं पांढरंफटक पडलंय. बसा हितं.” मी बसलो. काहिलीतून नुकताच काढलेला गूळ, अजून कोमट, तळहाताएवढा तुकडा आणि मूठभर शेंगदाणे त्यांनी कागदावर ठेवले. “खावा आधी. मग बोला.” मग तांब्याभर पाणी. पैसे घेतले नाहीत. आयुष्यात तसा गूळ मी परत खाल्लेला नाही, आणि कोल्हापूरचा माणूस हे सहजासहजी म्हणत नाही.

झालं होतं ते एवढंच. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर साठलेली असते. जोर लावून चालवलं तर ती दोन-अडीच तासांत तळाला जाते. चरबी भरपूर असते (माझ्याकडे तर होतीच), पण ती जळायला हळू, आणि मेंदूला मुख्यत्वे साखरच लागते. म्हणून पायांआधी डोकं बंद पडतं. तुमचे ४० किमी दीड-पावणेदोन तासांत होत असणार, म्हणजे ही पायरी तुम्ही अजून पाहिलेलीच नाही. म्हणून ‘४० सहज होतात’ यावरून शंभराचा अंदाज बांधता येत नाही.

अर्ध्या तासाने डोकं ताळ्यावर आलं. पण उरलेले २४ किमी त्या उन्हात रेटायची हिंमत नव्हती. चुलतभावाला फोन केला. तो छोटा हत्ती घेऊन आला, त्यात आधीच कोंबडीखाद्याची पोती. पोत्यांवर सायकल, सायकलीशेजारी मी. पुढची दोन वर्षं घरच्या प्रत्येक लग्नात ही गोष्ट निघायची.

आता मी काय करतो ते सांगतो. भूक लागायची वाट बघत नाही. पहिल्या पाऊण तासातच काहीतरी तोंडात टाकतो आणि मग दर पाऊण तासाला एक केळं, किंवा दोन राजगिऱ्याचे लाडू, किंवा चिक्की. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं (साखर आणि पिष्ट मिळून) पोटात जायला हवीत असं म्हणतात. एका मध्यम केळ्यात २५ च्या आसपास असतात, त्यावरून तुमचं तुम्ही बघा. पाणी ताशी अर्धा लिटर, उन्हाळ्यात पाऊण, आणि दोनपैकी एका बाटलीत ओआरएस किंवा मीठ-साखरेचं लिंबूपाणी. गोड खाऊन खाऊन कंटाळा येतो तेव्हा खारे शेंगदाणे. महागडे जेलचे पाऊच मिळतात, मीही आणून पाहिले. चिकट हात आणि रिकामा खिसा यापलीकडे मला तरी चिक्कीपेक्षा काही फरक जाणवला नाही.

आणि मिसळ. कोल्हापुरात राईड म्हटली की मिसळ आलीच, ते थांबवणं माझ्या हातात नाही. पण मिसळ शेवटच्या दहा किमीवर खा. एकदा आम्ही आठ जणांनी तीस किमी बाकी असताना कट वाढून घेतला, पुन्हा वाढून घेतला, वर ब्रेड. रोड बाईकच्या खाली वळलेल्या ड्रॉप हँडलवर वाकलं की पोट दाबलं जातं. पुढचं लिहीत नाही.

वाऱ्याचं म्हणाल तर जमेल तेव्हा आधी वाऱ्याच्या तोंडावर जावं आणि वारं पाठीवर घेऊन परत यावं. पावसाळ्यात वारं पश्चिमेचं, तेव्हा आमचा गगनबावड्याचा रस्ता या दृष्टीने बरोबर लागतो, पण तिकडचा पाऊस असा असतो की बाकी सगळं चुकतं. हिवाळ्यात मी आता पूर्वेकडे, वाडीच्या बाजूला निघतो. वारं कळायला ॲप बघायची गरज नाही. हंगामात साखर कारखान्याच्या धुराड्याचा धूर कुठे वाकलाय ते बघा.

हंगामाचा विषय निघालाच आहे तर तुम्ही ऊसपट्ट्यात राहत असाल असं धरून एक सांगतो, नसाल तर सोडून द्या. दिवाळीच्या आसपासपासून मार्चपर्यंत रस्त्यावर ट्रॅक्टर असतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला, आणि ड्रायव्हरने गाणी एवढी मोठ्याने लावलेली की तुमची घंटी काय, ट्रकचा हॉर्नही त्याला ऐकू जात नाही. अशा ट्रॉलीला उजवीकडून ओलांडताना पहिली ट्रॉली संपली की दुसरी असते हे लक्षात ठेवा. पहाटे अंधारात बंद पडलेली ट्रॉली रस्त्यातच उभी असते, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, खुणेला फार तर चार दगड. मी पुढचा दिवा चांगला घेतला तो या ट्रॉल्यांसाठी. मागचा लाल दिवा मी दिवसाही चालू ठेवतो. चिरडलेल्या उसावर दव पडलं की रस्ता साबणासारखा होतो, तिथे ब्रेक नाही, वळण नाही, सरळ जाऊ द्यायचं.

शंभराची तयारी म्हणून पन्हाळ्यासारखा एखादा चढ महिन्यातून दोनदा करा. पन्हाळा शहरापासून वीसेक किमी. शिवाजी पूल ओलांडला की केर्लीपर्यंत बहुतेक सपाट, मग वाघबीळपर्यंत चढ आणि तिथून गडापर्यंत पुन्हा चढ. गड समुद्रसपाटीपासून ९७७ मीटर, शहर साडेपाचशेच्या आसपास. फार मोठा घाट नव्हे, पण चढावर दम राखून कसं चालवायचं ते तिथे शिकता येतं: गिअर हलका, पाय मिनिटाला ७०-८० फेऱ्या, आणि शेजारच्याशी एक वाक्य बोलता येईल एवढाच जोर. वाक्य अर्धं तुटलं की वेग जास्त आहे. वर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी फोटो, झुणका-भाकरी, ठेचा, दही. परतताना मात्र जपून. रविवारी नऊनंतर पर्यटकांच्या गाड्या वर यायला लागतात आणि वळणावर त्या तुमच्या बाजूला येतात. वळणाच्या आधी वेग उतरवा, वळणात ब्रेक दाबू नका. आमच्या गटात एसटीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते म्हणतात, ज्या गिअरात गाडी चढवली त्याच गिअरात उतरवायची. सायकलला हे लागू पडत नाही हे त्यांना पटवायचा आम्ही नाद सोडलाय. चाळीस वर्षं बिनअपघात गाडी चालवलेल्या माणसाशी कोण वाद घालणार?

गट शोधा, हेही सांगतो. दुसऱ्याच्या चाकामागे हातभर अंतराने चाललं की समोरच्या वाऱ्याचे पाव हिस्सा कष्ट तरी वाचतात, आणि परतीच्या वाटेवर ते पाव हिस्सा म्हणजे घर गाठणं आणि चुलतभाऊ यातला फरक. मात्र आधी विचारून मागे लागा, आणि आपली पाळी आली की पुढे व्हा. मागच्याला खड्डा हाताने दाखवायचा असतो. पुढच्याने तो दाखवला नाही म्हणून मी एकदा दोन्ही ट्यूब फोडून घेतल्यात.

ट्यूबवरून आठवलं. तुमच्या सायकलचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा असेल. गावातल्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो पण त्याची तोटी त्याला बसत नाही. पितळेचा एक इवलासा अडॅप्टर मिळतो, तो एक खोगीरपिशवीत आणि एक व्हॉल्व्हवरच लावून ठेवा. सोबत दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, छोटा पंप. आणि घरी, टीव्हीसमोर बसून, मागचं चाक काढून ट्यूब बदलायचा सराव दोनदा करा. पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट घेतले असतील तर सिग्नलच्या आधी दहा मीटरवर पाय सोडवा. मी गंगावेशीत, दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला उभ्या असलेल्या पंधरा-वीस माणसांसमोर जागच्या जागी आडवा झालोय. कुणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

वेगाची काळजी करू नका. पुढे कधी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड, करावीशी वाटली तर २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, चहापाण्याच्या थांब्यांसकट. म्हणजे ताशी पंधरा पुरे. शंभराला सकाळी सहा ते दुपारी बारा एवढा वेळ हाताशी ठेवा, जाताना मुद्दाम हळू जा, आणि परत फिराल त्या जागी खिशातलं निम्म्याहून जास्त खाणं शिल्लक आहे ना ते बघा. नसेल तर तिथेच काहीतरी विकत घ्या.

दुसऱ्यांदा मी फेब्रुवारीत त्याच रस्त्याने गेलो, तीन जण मिळून. ऊन वाढायच्या आत परतायचं म्हणून मीटरवर ४९ झाले तिथूनच वळलो, गगनबावडा बघितलाच नाही. येताना त्या गुऱ्हाळापाशी थांबून दोन किलो गूळ घेतला. या वेळी पैसे देऊ दिले. फुलेवाडीतून रंकाळ्यावर आलो तेव्हा मीटर ९६.३ दाखवत होता. घर तिथून दोन किमीवर. बरोबरचे दोघं म्हणाले, राहू दे की, शंभरच झाले म्हणायचे. मी गुळाची पिशवी त्यांच्याकडे धरायला दिली आणि रंकाळ्याला एक पूर्ण फेरी मारून आलो.