बायबलमध्ये पाऊस म्हणजे देवाची काळजी, मग पुरात घर बुडालं तर काय अर्थ घ्यायचा?

देव रागावला, हा अर्थ तर मुळीच घेऊ नका. कोणी तसं सांगत असेल तर तिथल्या तिथे थांबवा.

२६ जुलै २००५ ला आम्ही कळव्यात खाडीच्या बाजूला तळमजल्यावर राहत होतो. सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडे नाल्याचं पाणी मोरीतून वर आलं, त्यात भरती. गाद्या, धान्याचे डबे, आजोबांचं पवित्र शास्त्र, सगळं गेलं. रात्र वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे काढली. त्या रोज तुळशीपुढे दिवा लावणाऱ्या. कोरडे कपडे आणि गरम भात त्यांनीच दिला.

पाणी ओसरल्यावर मामा आले. आई चिखल खरवडत होती. म्हणाले, "ताई, घरातली कुटुंबप्रार्थना बंद पडली की असंच होतं." पुढे कित्येक वर्षं आभाळ भरून आलं की आई स्वतःचाच दोष शोधत बसायची. मला त्याचा राग अजून आहे.

बायबलमधलं मत्तय ५:४५ हे वचन मामांना तोंडपाठ. नीतिमान आणि अनीतिमान दोघांवर देव पाऊस पाडतो, आणि येशू हे शत्रूंवर प्रीती करा असं शिकवताना सांगतो. लुस्त्र नावाच्या नगरात प्रेषित पौल तर मूर्तिपूजकांनाच सांगतो, की आकाशातून पाऊस आणि पिकांचे ऋतू तुम्हालाही देवानेच दिले.

पावसात काळजी का दिसते, हे आम्हा नगरकडच्यांना समजावावं लागत नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा ११ वा अध्याय वाचा. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, नदीचं पाणी शेताला देता यायचं. इस्राएल लोक जिथे वसले तो कनान देश डोंगराळ, आणि तिथली यार्देन नदी बहुतेक ठिकाणी समुद्रसपाटीच्याही खालून वाहते. तिचं पाणी वर चढवणार कोण? आगोटीचा म्हणजे पहिला पाऊस ऑक्टोबरच्या सुमारास आला तर पेरणी, वळवाचा म्हणजे शेवटचा मार्च-एप्रिलात आला तर दाणा भरणार. एक जरी चुकला तरी उपासमार. नोहाचा जलप्रलय यात आणू नका, तसं पुन्हा करणार नाही हे देवाचं वचन उत्पत्ती या पुस्तकाच्या ९ व्या अध्यायातच आहे.

हो, इतर देवांच्या मागे लागलात तर आकाश बंद होईल, हेही अनुवाद ११ मध्येच आहे. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात, अध्याय ४ मध्ये, एका नगरावर पाऊस आणि दुसऱ्यावर नाही, असंही आहे. पण ते अख्ख्या इस्राएलाशी केलेल्या कराराचं बोलणं आहे, कळव्यातल्या एका खोलीचं नाही. आणि त्याच देशातल्या दुष्काळात संदेष्टा एलीया ज्याचं पाणी प्यायचा तो करीथ ओढाही आटलाच. त्याला पुढे जेवू घातलं ते सारफथ गावच्या परक्या विधवेने.

तुमच्या घरात पाणी शिरलं असेल तर आधी पंचनामा करून घ्या, मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, चार माणसं साफसफाईला बोलवा. प्रार्थना कमी पडली म्हणणाऱ्याला विचारा, एलीयाची कुठे कमी पडली होती? मामांना मी विचारलं, त्यांनी विषय बदलला. ते शब्द मागे घेतो असं त्यांनी आईला अजून सांगितलेलं नाही. ते त्यांनी सांगायलाच हवं, तेही सगळ्या नातेवाइकांसमोर.