कॅलिफोर्नियात बेदरकार ड्रायव्हिंगने दुखापत केल्याच्या खटल्यात वकिलाने हरकत घेतली नसेल, तर ज्युरीला दिलेल्या चुकीच्या सूचनेवर अपील करता येते का?
हो, त्या चुकीने आरोपीच्या महत्त्वाच्या हक्कांना बाधा आली असेल तर येते. तिथल्या दंडसंहितेचे कलम १२५९ हीच मुभा देते. आधी सूचनेचे शब्द तपासा. बेदरकारपणा ठरायला चालकाला मोठ्या, असमर्थनीय धोक्याची जाणीव असावी लागते आणि त्याने त्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केलेले असावे लागते. 'त्याला कळायला हवे होते' एवढ्यावर दोषी धरा असे न्यायाधीशांनी सांगितले असेल, तर तो नुसता निष्काळजीपणा झाला आणि गुन्ह्याचा मूळ घटकच निसटला. अशा चुकीला १९६७ च्या चॅपमन निकालाची कडक कसोटी लागते: चुकीचा निकालावर परिणाम झाला नाही हे सरकारला वाजवी संशयापलीकडे दाखवावे लागते. राज्य कायद्यातल्या इतर चुकांना वॉटसन निकालाची (१९५६) कसोटी लागू. तिथे अपीलकर्त्यालाच वेगळ्या निकालाची वाजवी शक्यता दाखवावी लागते, आणि बहुतेक अपिले इथेच अडतात. मात्र ती सूचना बचावाच्या वकिलानेच डावपेच म्हणून मागितली असेल, तर ही वाट बंद. 'हा निव्वळ अपघात होता' ही खास सूचनाही खटल्यातच मागावी लागते. अपिलाची मुदत कडक आहे: फेलनीत (गंभीर गुन्ह्यात) निकालापासून ६० दिवस, मिसडिमीनरमध्ये (कमी गंभीर गुन्ह्यात) ३०.