गेमिंग साउंड कार्डवर घरी गाणं रेकॉर्ड करता येईल का?

येईल, पण मुद्दाम त्यासाठी विकत घेऊ नका. साउंड ब्लास्टरसारखी कार्डं ऐकायला मस्त असतात, गेममधली पावलं कुठून येतायत ते कळतं वगैरे, पण रेकॉर्डिंगला खरी गरज चांगल्या माइक प्रीअँपची (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटची) असते आणि तिथे यांच्याकडे बहुतेक वेळा फक्त ३.५ एमएमचं छोटं भोक असतं, म्हणजे स्टुडिओवाला कंडेन्सर माइक लावायचा तर त्याला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) मिळत नाही आणि गिटार थेट जोडली तर आवाज मेलेला येतो. त्यापेक्षा फोकसराइट स्कारलेट सोलोसारखा साधा यूएसबी इंटरफेस (माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडणारा छोटा डबा) घ्या, एक्सएलआर (स्टुडिओ माइकची तीन पिनांची जोडणी), फँटम, गिटारचा इनपुट सगळं त्यात आहे, शिवाय स्वतःचा एसिओ ड्रायव्हर (ASIO, आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) असल्यामुळे गाताना हेडफोनमध्ये आवाज उशिरा येण्याचा त्रास खूप कमी होतो. कार्ड आधीच घरात असेल तर रफ चाली नोंदवायला बिनधास्त वापरा.