हॉलो ब्लॉकच्या पोकळीत सळई टाकली की भिंत आरसीसी होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावजवळच्या खानापूरकडे तळमजला आणि वर एक मजला असं घर, कॉलम नाहीत, 8 इंची हॉलो ब्लॉकच्या भिंतींवरच स्लॅब. गवंडी म्हणतो, कोपऱ्यात एकेक चार सूत (12 मिलिमीटरची) सळई उभी करून वरून माल ओतला की भिंत आरसीसी, म्हणजे सळईच्या काँक्रीटची, झाली. हे खरं का, आणि ड्रॉइंगमध्ये नेमकं काय दाखवायचं?

गवंड्याचं अर्धं बरोबर आहे. ब्लॉकची भिंत वरचं ओझं आरामात घेते, पण ओढ सोसत नाही. भूकंपात भिंतीला आडवा धक्का बसला की एका टोकाला ती उचलली जायला बघते, आणि तिथं तिला पायाशी धरून ठेवायला सळई लागते. त्यासाठी ती सळई पायापासून स्लॅबपर्यंत अखंड गेली पाहिजे, तिच्याभोवतीची पोकळी तळापर्यंत भरलेली पाहिजे आणि आडव्या पट्ट्यांशी (भिंतीभर फिरणाऱ्या सळई-काँक्रीटच्या पट्ट्यांशी) तिची गाठ पडली पाहिजे. तीनपैकी एक जरी चुकलं तरी लोखंडाचे पैसे वाया. गंमत अशी की तिन्ही गोष्टी प्लास्टर झाल्यावर दिसत नाहीत.

आयएस म्हणजे भारतीय मानक. त्यातल्या भूकंपाच्या आयएस 1893 च्या 2016 च्या नकाशात बेळगाव तिसऱ्या झोनमध्ये येतं. आयएस 1905 विनासळईच्या भिंतींचा कोड आहे, त्यामुळे गवंडी किंवा काँट्रॅक्टर त्याच्या आधारानं सळईचं गणित सांगत असेल तर ऐकू नका. पट्टे आणि उभ्या सळया यांसाठी आयएस 4326 बघावा. सळईच्या ब्लॉकभिंतीचे बारीक नियम अमेरिकेत जास्त रुळलेले आहेत आणि खालचे बरेच आकडे त्याच पद्धतीचे आहेत. शेवटची मापं मात्र तुमचा नकाशा आणि जमीन बघून स्ट्रक्चरल इंजिनिअरनंच ठरवायची.

सगळं 200 मिलिमीटरच्या मापात बसवा, इथूनच सुरुवात. 400×200×200 चा ब्लॉक प्रत्यक्षात 390×190×190 असतो आणि 10 मिलिमीटरचा सांधा धरून 400 होतो. चौरस मीटरला साडेबारा ब्लॉक. खोल्यांची बाहेरची मापं, दारं, खिडक्या, गाळे, सगळं 200 च्या पटीत असेल तर पोकळीवर पोकळी येते. आर्किटेक्टनं भिंत 3.13 मीटर काढली की गवंडी टोकाला तुकडा घालणार, पुढच्या थरात पोकळी सरकणार आणि सळईच्या वाटेत ब्लॉकची आडभिंत येणार. मग तो ब्लॉक फोडतो किंवा सळई वाकवतो.

उभ्या सळया प्रत्येक कोपऱ्यात, जिथं भिंतीला भिंत मिळते तिथं, प्रत्येक दाराखिडकीच्या दोन्ही बाजूंच्या पहिल्या पोकळीत आणि मधल्या लांबीत 800 मिलिमीटरवर. 12 मिलिमीटरच्या सळईचं क्षेत्रफळ 113 चौरस मिलिमीटर, 800 वर टाकली तर मीटरला 141 होतं, म्हणजे 190 जाडीच्या भिंतीत सुमारे 0.07 टक्के. जास्त भूकंपाच्या भागात एका दिशेला किमान एवढं लोखंड मागतात. आपल्याकडे अंतर 1200 पर्यंत नेता येतं, त्यापुढे नको. आणि जाड सळईचा सोस नको. जोडाच्या ठिकाणी 12 च्या दोन सळया एका पोकळीत सुखानं बसतात, 20 ची सळई जोडाच्या ठिकाणी पोकळी अडवून बसते.

सगळ्यात जास्त घोळ पायातल्या सळयांचा. प्लिंथ बीम (जोत्याची तुळई) ओतताना त्या वर सोडायच्या, पायाच्या जाळीवर 300 मिलिमीटरचा एल टेकवून, आणि जोत्याच्या वर 600 मिलिमीटर ठेवून. बीमचं काँक्रीट ओतताना त्या हलतात, आणि पहिला थर लावायला घेतल्यावर कळतं की सळई पोकळीत नाही, ब्लॉकच्या मधल्या पडद्याखाली आहे. यावर उपाय साधा आहे. एका सरळ फळीला कोपऱ्याच्या बाहेरच्या कडेपासून 100, 900, 1700 मिलिमीटरवर भोकं पाडा, फळी बीमच्या सेंटरिंगवर (साच्याच्या फळ्यांवर) ठोका आणि सळया भोकांतून वर काढा. भिंतीच्या जाडीत सळई मधोमध, दोन्ही बाजूंनी 95. सळई जागेवरून थोडी सरकली असेल तर एकास सहा उतारानं वळवता येते, म्हणजे 25 मिलिमीटर सरकवायला 150 उंची. त्याहून जास्त सरकली असेल तर कापा, बरोबर जागी ड्रिल मारा आणि केमिकल अँकरनं (भोकात भरायच्या चिकट रसायनानं) नवी सळई बसवा. हातोड्यानं काटकोनात मोडलेली सळई ओढ घ्यायच्या वेळी आधी सरळ व्हायला बघते आणि भोवतालचा ब्लॉक फोडते.

जोड, म्हणजे दोन सळया शेजारीशेजारी राहतात ती लांबी, सळईच्या जाडीच्या 50 पट ठेवा, म्हणजे 12 ला 600 मिलिमीटर. एकदम 3 मीटरची सळई उभी केली तर गवंड्याला प्रत्येक ब्लॉक डोक्यावरून ओवावा लागतो. मग तो एक तर सळई वाकवतो, नाहीतर ब्लॉकची बाजू फोडून लावतो. म्हणून भिंत सात-सात थरांत चढवा. सात थर म्हणजे 1.4 मीटर. पहिल्या टप्प्याची सळई 2 मीटरची: 1.4 भिंतीत, 600 वर. 12 मीटरच्या लांबीतून सहा तुकडे पडतात, कचरा शून्य. दुसऱ्या टप्प्याची सळई 1.4 पासून स्लॅबच्या वर 600 पर्यंत जायला हवी. 3 मीटर उंची आणि 125 चा स्लॅब धरला तर 2.325 लागते. 2.4 ची कापा, 12 मीटरमध्ये पाच बसतात. सर्वांत वरच्या स्लॅबला सळई काटकोनात वळवून स्लॅबच्या जाळीत घाला. तिथं ती ब्लॉकमध्येच संपवली तर वरचा पट्टा आणि भिंत यांची गाठच पडत नाही.

आता ओतकाम, कारण बहुतेक भिंती इथंच नापास होतात. गवंडी सांध्याचाच मसाला पातळ करून ओततो, नाहीतर स्लॅबचं काँक्रीट घमेल्यानं टाकतो. पहिल्यात खडी नसते, आकसतो फार. दुसरं पोकळीत खाली जातच नाही. 20 मिलिमीटरची खडी सळई आणि सांध्यातून डोकावणारा मसाला यांच्यात अडकते, कमान धरते आणि खाली दोन-तीन थर रिकामे राहतात. ग्राउट (पोकळीत ओतायचा पातळ माल) वेगळं बनवा: 1 भाग सिमेंट, अडीच भाग वाळू किंवा एम-सँड, दीड भाग 10 मिलिमीटरच्या आतली बारीक खडी, सगळं मापानं. स्लंप (साचा उचलल्यावर माल किती खाली बसतो ते माप) 200 ते 250 मिलिमीटर. इतकं पातळ बघून साइटवरचा कोणीतरी हमखास ओरडेल, पण ब्लॉक पाणी पितो. ओतल्यावर थोड्याच वेळात जादा पाणी त्याच्या अंगात जातं आणि पोकळीतला माल घट्ट होतो. स्लॅबचा नियम इथं लावू नका.

याच कारणानं काँक्रीटचे ब्लॉक विटांसारखे हौदात भिजत घालायचे नाहीत. खानापूरची भाजलेली वीट भिजवून लावायची सवय इथल्या गवंड्यांच्या हाडात आहे आणि विटेला ती बरोबरच आहे. ओला काँक्रीट ब्लॉक मात्र लावल्यानंतर वाळतो, आकसतो आणि सांध्यातून जिन्यासारखी तड देतो. ब्लॉक कारखान्यात किमान 14 दिवस पाणी मारून, मग वाळवून आणलेले घ्या. आपल्याकडे जूनपासून पावसाची झड लागते, तेव्हा ब्लॉकचा चट्टा प्लॅस्टिकखाली ठेवा आणि अर्धवट भिंतीचं तोंडही रोज संध्याकाळी झाका. नाहीतर पोकळ्या विहिरीसारख्या भरतात आणि तळाशी साचलेल्या पाण्यात ओतलेल्या ग्राउटमधला सिमेंट धुऊन जातो.

प्रत्येक टप्प्याच्या पहिल्या थरात, सळईच्या प्रत्येक पोकळीला आतल्या बाजूनं हाताचा पंजा जाईल एवढं, निदान 75 मिलिमीटरचं भोक ठेवा. भिंत चढताना मसाला आत पडतोच. तळाशी त्याची बोटभर ढेप साचली की सळई बीमपासून तुटली असं समजा, कारण नेमकं जोत्यावरच सगळ्यात जास्त ओढ येते. भोकातून ती ढेप काढा, वरून टाकलेली सळई खालच्या सळईला बाइंडिंग वायरनं बांधा, टॉर्चनं वर बघा. पोकळीत सरळ वरचं आभाळ दिसलं पाहिजे. सांध्यातून 12 मिलिमीटरपेक्षा जास्त आत आलेला मसाला ओला असतानाच दर थराला सळईनं खरवडा. मग भोक ब्लॉकच्या तुकड्यानं बंद करून बाहेरून फळीचा टेकू द्या. न दिल्यास ओतताना तुकडा फटकन बाहेर येतो. भरायच्या पोकळीभोवती ब्लॉकच्या मधल्या पडद्यांवरही मसाला लावा, नाहीतर ग्राउट शेजारच्या पोकळीत पळतं.

ओतण्याआधी भिंतीला एक दिवस द्या. एका पोकळीत किती माल जायला हवा हे आधी मोजून ठेवा. सुटा ब्लॉक फळीवर ठेवून एका पोकळीत कोरडी वाळू भरा, ती लिटरच्या डब्यानं मोजा आणि साताने गुणा. नेहमीच्या ब्लॉकला सात थरांचे सुमारे 25 लिटर येतात, एका सिमेंटच्या पोत्यात जेमतेम चार-पाच पोकळ्या. आता बादलीनं मोजून ओता. 25 च्या ठिकाणी 17 लिटरमध्येच पोकळी तोंडाशी आली, तर आत कुठेतरी कमान धरली आहे. 25 मिलिमीटरची नीडल (व्हायब्रेटरची नळी) घालून हलवा, दहा-पंधरा मिनिटांनी पाणी शोषलं गेलं की पुन्हा एकदा. दुसऱ्यांदा हलवणं टाळलं तर आकसलेल्या मालाभोवती सळईला धरून पोकळी राहते. टप्प्याच्या वरच्या थरात ग्राउट ब्लॉकच्या तोंडाच्या 40 मिलिमीटर खाली थांबवा, म्हणजे पुढचा माल त्यात खाच धरतो.

आडवे पट्टे जोत्याला, खिडकीच्या तळाला, लिंटलला (दाराखिडकीवरच्या तुळईला) आणि स्लॅबखाली. जोत्यापासून अकरा थर म्हणजे 2.2 मीटर, फरशीचे 75 वजा केले की सात फुटी दार बसतं. बारावा थर लिंटलचा पट्टा. यू ब्लॉक (वरून उघडे, पन्हाळीसारखे) मिळाले तर उत्तम, नाहीतर 150 उंचीचा पट्टा सेंटरिंग लावून ओता. यू ब्लॉकमध्ये तळाला 10 च्या दोन सळया पुरतात. ओतलेल्या 150 च्या पट्ट्यात चार सळया आणि 6 मिलिमीटरच्या रिंगा 150 वर. दारावरच्या लिंटलचं लोखंड वेगळं काढायचं, पट्ट्याच्या सळया त्यात धरायच्या नाहीत. यू ब्लॉक वापरताना त्याचा तळ उभ्या सळईच्या जागी फोडायला विसरतात आणि भिंतीचा खांब तिथंच दोन तुकडे होतो. रिकाम्या पोकळ्यांवर माल खाली जाऊ नये म्हणून जाळी अंथरा. सिमेंटच्या पिशव्यांचे बोळे कोंबले तर ते सरकून शेजारच्या सळईच्या पोकळीतही जातात.

कोपऱ्यात आडव्या सळया समोरासमोर नुसत्या संपवू नका. बाहेरची सळई एल करून दुसऱ्या भिंतीत 600 पर्यंत न्या. आतली सळई कोपऱ्याच्या आतल्या कडेला धरून वळवली तर ओढ आल्यावर सरळ होऊन आतला कोपरा उडवते. ती सरळ पुढे नेऊन समोरच्या बाहेरच्या तोंडाजवळ वळवा. भिंतीला भिंत मिळते तिथंही हेच.

दारंखिडक्यांबद्दल आयएस 4326 स्पष्ट आहे. आपल्या झोनमधल्या दुमजली साध्या घरात दोन आडव्या भिंतींच्या मधल्या लांबीत उघड्यांची बेरीज 46 टक्क्यांच्या आत, दोन उघड्यांमध्ये किमान 450 मिलिमीटर भिंत आणि आतल्या कोपऱ्यापासून 230. ब्लॉकच्या मापात 450 म्हणजे 600 धरा आणि आतल्या कोपऱ्यापासून 400. पुढच्या बाजूला दुकानाचा गाळा काढायचा असेल तर ही पद्धत त्या भिंतीला लागू पडत नाही, तिथं कॉलम-बीमच लागणार.

इलेक्ट्रिशियनला ओतकामाआधीच बोलवा. पाइप रिकाम्या पोकळीतून नेता येतात. नंतर कटरनं आडवी खाच मारली तर ब्लॉकची 30-35 मिलिमीटरची भिंत निम्मी जाते.

जांभ्या जमिनीवर, जशी खानापूरच्या बऱ्याच भागात आहे, पाया फारसा त्रास देत नाही. पूर्वेकडच्या काळ्या रानात मात्र उन्हाळ्यात भेगा आणि पावसात फुगवटा. भिंतीतलं लोखंड पायाचं वरखाली होणं थांबवत नाही, तिथं आधी पायाचं बघा. घरी चिरा फुकट मिळत असेल आणि त्याचीच भिंत हवी असेल तर चिऱ्यात पोकळी नसते, तिथं पट्टे आणि कोपऱ्यातली उभी सळई काँक्रीटच्या खाचेत, असा वेगळा हिशेब.

प्लास्टरची घाई नको. सात दिवसांनी सळईच्या प्रत्येक पोकळीवर जोत्यापासून वरपर्यंत थरागणिक हलक्या हातोडीनं टकटक करा. भरलेल्या जागी आवाज बसका येतो, रिकाम्या जागी मडक्यासारखा. मडकं वाजलं तिथं खडूनं फुली करा, 12 मिलिमीटरचं ड्रिल मारून बघा. पोकळी निघाली तर वरच्या बाजूला दुसरं भोक पाडा आणि खालून सिमेंटची पातळ स्लरी वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत दाबानं भरा. हे काम संपेपर्यंत गवंड्याचा शेवटचा हप्ता हातात ठेवा.