गाडीचे नवे रूप

प्रश्न : रंकाळ्याजवळ आमची वड्यांची गाडी आहे. वडिलांना जुनी लाकडी गाडी सोडवत नाही. मला स्टीलची गाडी, नवा फलक आणि क्यूआर कोड हवा आहे. सुरुवात कशापासून करावी?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फलक शेवटी करा, आधी कढईकडे पाहा. तळून तळून काळपट झालेले, फेसाळणारे तेल गिऱ्हाईक लांबूनच ओळखते, आणि त्यातील ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते वापरण्यास २०१८ पासून कायद्याने मनाई आहे. रद्दीचा कागदही बंद करावा, कारण छपाईच्या शाईतील शिशासारखे घटक गरम, तेलकट वड्यात सहज उतरतात. अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी छोट्या गाडीलाही सक्तीची आहे; ते प्रमाणपत्र दर्शनी लावणे ही माझ्या मते सर्वांत चांगली जाहिरात आहे. पैशांसाठी, फेरीवाल्यांकरिता २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेतील विनातारण कर्जाची चौकशी महापालिकेत करावी.

वडिलांचे मन मात्र मोडू नका. लाकडी सांगाडा तसाच ठेवून वर स्टीलचा पत्रा बसवला, तरी गाडी पुसायला सोपी होते. क्यूआर कोड कढईपासून दूर लावा. त्यावर तेलाचा थर बसला की तो स्कॅन होत नाही.